अंतोऱ्याच्या बंदरावरची हाक

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही... तरी लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

आम्ही रोह्याला लागून वरसे गावात राहतो. सासूबाई मूळच्या पेणच्या, बंदराजवळ वाढलेल्या. अलीकडे त्यांना विसर पडायला लागला होता. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण अंतोऱ्याच्या बंदरात मीठ भरायला आलेली गलबतं लख्ख आठवायची. "मुंबयचा माल आधी आमच्या पेणला उतरायचा गो," हे रोजचंच.

गणपतीची मूर्ती ठरवायला म्हणून मी त्यांना हमरापूरला नेलं. ह्यांची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून दोघीच एसटीने. मूर्तींच्या कारखान्यांत पुण्या-मुंबईचे लोक फोटो काढत फिरत होते, सासूबाई खूश होत्या. परतताना पोह्याचे पापड घ्यायला पेणला उतरलो. दुकानात गर्दी होती म्हणून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. पिशवी घेऊन वळते तर बाक रिकामा.

आधी वाटलं, असतील इथेच. मग बाजार, देऊळ, परत बाजार... कुठेच नाहीत. त्या मोबाईल वापरत नाहीत. ह्यांना फोन लावला, पण कंपनीत फोन बाहेर ठेवावा लागतो. शेवटी एसटी स्टँडबाहेर येऊन थांबले. ह्यांना काय सांगू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात मागून हाक आली. पुरुषाचा घोगरा आवाज, लांबवर पोचवायची सवय असलेला — "ओ रोह्याच्या बाईऽ, बंदरावर चला... पाणी भरतंय."

मागे एक मिनिडोरवाला आपल्या सहा आसनी रिक्षाजवळ उभा होता. मी विचारलं, "तुम्ही हाक मारलीत?"

"नाय ताई, मी अलिबागची शिटं भरतोय. बंदरावर आता कोण जातंय? नुसती झाडी वाढलीय तिथं."

"मला तिकडे न्या," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. माझा चेहरा बघून त्याने गाडी काढली.

नव्या बिल्डिंगा मागे पडल्या, रस्ता अरुंद झाला आणि खाडी आली. तिवरांच्या आड जुना दगडी धक्का होता. त्याच्या खालच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या; लहानपणीच्या वाटेने चालतच आल्या असाव्यात. भरतीचं पाणी पावलांना लागलं होतं, आणि त्या अगदी निवांत. आम्ही दोघांनी धरून त्यांना वर घेतलं. मला तिथेच रडू फुटलं.

"रडतेस कशाला गो?" त्या म्हणाल्या. "मी एकटी कुठं होते? तो खलाशी होता ना. मी पाण्यात उतराया लागले तर म्हणाला, बसा हितंच, उठू नका. तुमच्या सुनेला हाक मारून येतो."

मिनिडोरवाल्याने वळून खाडीभर नजर फिरवली. आसपास माणूस काय, एक होडीसुद्धा नव्हती.

स्टँडवर येऊन तिघांनी चहा घेतला. सासूबाईंचा हात मी एसटीतही सोडला नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

ह्यांचं म्हणणं, "आईचं बंदराचं वेड तुझ्या डोक्यात होतं, टेन्शनमध्ये भास झाला." असेलही. पण मला हाक मारतो असं आईंना कोण सांगून गेलं — असं विचारलं की ते पेपर उघडून बसतात.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आई, तो खलाशी दिसायला कसा होता हो?"

"कुठला खलाशी?"

पेणला गेल्याचंच त्यांना आठवत नव्हतं. मी पुन्हा कधी विचारलं नाही. तो कोण होता, ते आजही मला माहीत नाही. त्या समोर बसून भात कालवत होत्या. मला तेवढं पुरे होतं.