चोपणातला फोटो

निजामी संपल्यानंतरची गोष्ट. परतूरला आमच्या शेजारी एक फोटोग्राफर राहत. माणसाशिवाय त्यांना देखावा चालत नसे, आणि तो माणूस नेहमी मीच. एका श्रावणात मिठानं पांढऱ्या पडलेल्या चोपण जमिनीवर पुराचं पाणी पसरलं. त्यांनी मला त्यात गुडघाभर उभं केलं.

“मागं सरका. अजून. आता बिलकुल हालू नका, ढग येऊन राह्यलाय.”

तासभर तो ढग येतच राहिला.

“अहो, काढा की एकदाचा!” मी वैतागून ओरडलो, तोच पाय घसरून खोल चरात गेलो.

गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट त्यांनी उडी घेतली आणि मला ओढून काठावर आणलं. त्यांच्या एकुलत्या एक कॅमेऱ्यातून पाणी गळत होतं. ते मात्र माझा चिखलानं भरलेला चष्मा पुसत होते.

“दिसून राह्यलं का बराबर?” त्यांनी विचारलं.