पॅट्रिसचा फोन माझ्या खणात

पॅट्रिस दुडेक आमच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. वय सत्तेचाळीस. अमेरिकेत, मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात गेली एकोणीस वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवते. सकाळची फेरी आटोपली की दुपारपर्यंत बस आगारात उभी असते. बाकीचे चालक घरी जातात किंवा पत्ते खेळतात. पॅट्रिस मात्र हीटर लावून, स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत बसते. असंच वाचत तिने संध्याकाळच्या वर्गांतून बी.ए. केलं, मग एम.ए. केलं, आणि मग तिला इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट करायचा ध्यास लागला.

तिचा विषय अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज मोलकरणींचा. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं तिने कुठून कुठून जमवली आहेत. ती मला म्हणाली होती, "मिसेस तुस्कानो, कादंबरीतली मोलकरीण बघावी तेव्हा दाराला कान लावून उभी असते. खरीला तेवढा वेळ कुठला?" मला हे लगेच पटलं.

त्या वर्षी तिने सहा विद्यापीठांत अर्ज केले होते. तिसरं वर्ष होतं, आणि यंदा नाही झालं तर पुन्हा अर्ज नाही, असं तिने ठरवलं होतं. निकाल फेब्रुवारीपासून येऊ लागतात. ज्यांनी अर्ज केले आहेत ती देशभरची माणसं एका वेबसाइटवर टोपणनावाने लिहीत असतात. अमक्या ठिकाणी आज फोन गेले, तमक्या ठिकाणची समिती गुरुवारी बसणार. पॅट्रिस ते दिवसातून पन्नास वेळा बघायची. बस चालू असताना कधी नाही, पण थांबली रे थांबली की हात खिशात.

तेवीस फेब्रुवारीला, माझ्या डायरीप्रमाणे बुधवारी, शाळेच्या फाटकाशी सगळी मुलं उतरली आणि तिने फोन उघडला. पाचवा नकार. ती तशीच बसून राहिली. मागे नऊ बसगाड्या अडकल्या आणि सगळ्यांनी भोंगे वाजवले. शेवटी मुख्याध्यापिका थंडीत कोट न घालता बाहेर आल्या आणि त्यांनी काच ठोठावली. त्याच संध्याकाळी सहाव्या विद्यापीठाचं ईमेलने पत्र आलं: प्रतीक्षायादी, तुमच्या पुढे दोघे आहेत. हे सहावं आमच्याच शहरातलं, तिच्या मनातलं पहिलं. ज्यांना दोन-तीन ठिकाणी जागा मिळाल्या आहेत त्यांनी एक धरून बाकीच्या सोडायच्या असतात, आणि त्याची शेवटची तारीख सगळीकडे पंधरा एप्रिल. म्हणजे आणखी सात आठवडे.

राखेचा बुधवार दोन मार्चला होता. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो, आणि जो तो त्यात एखादी आवडीची गोष्ट सोडतो. कपाळावर राख घेऊन ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर फोन ठेवला.

"या उपवासकाळात मी हा सोडला, आणि ईमेल बघणंही," ती म्हणाली. "ईस्टरपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

बसच्या कामापुरता तिने एक जुना बटणांचा फोन काढला होता. त्याचा नंबर आगार सोडून कोणाला ठाऊक नव्हता. मी तिचा फोन बंद करून टेबलक्लॉथच्या खणात ठेवला. रविवार उपवासकाळात धरत नाहीत, म्हणून रविवारची सूट होती. चर्चमधल्या दहाच्या मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या प्रार्थनाविधीनंतर, ती यायची, मी खसखशीचा केक कापायची आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं तिला फोन द्यायची. तिसऱ्या रविवारी कळलं की पुढच्या दोघांपैकी एकाने दुसरीकडची जागा धरली. आता पुढे एकच उरला होता. ती केकचा तुकडा हातात धरून स्वयंपाकघरभर चालत राहिली.

उपवासकाळात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या मासळीचं जेवण असतं. कॉड तळायला पॅट्रिस आणि युजीन क्लिमेक, कोबीची कोशिंबीर माझ्याकडे. क्लिमेक एकोणऐंशी वर्षांचे, जन्मभर बिअरच्या कारखान्यात पाइप जोडलेले. त्यांनी उपवासकाळात बिअर सोडली होती, त्यामुळे जिभेला जास्तच धार होती.

"साठ पोरांना रोज वेळेवर शाळेत पोचवतेस," ते म्हणायचे, "आणि तुला कोणी शाळेत घेईना."

"तुमच्यासारखी माणसं समितीवर बसलेली असतात, मिस्टर क्लिमेक," ती पिठात मासा बुडवत म्हणायची.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, कॅलेंडर बघताना माझ्या लक्षात आलं की यंदा पंधरा एप्रिल म्हणजे उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. जागा मोकळी झाली तर त्या दिवशी होणार, आणि पॅट्रिसला फोन मिळणार ईस्टरला, सतरा तारखेला. मी तिला तारीख दाखवली. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि खुर्चीत बसली. मार्चमध्ये हे तिने बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी येऊन फोन घेऊन जा, देवाला काही राग येणार नाही. ती नाही म्हणाली. चॉकलेट सोडलं ते दुसऱ्या दिवशी खाल्लं, सिगारेट सोडली ती दुपारच्या आत ओढली, आयुष्यात पाळलेला हा एकच नेम होता आणि तो आता मोडला तर जागाही जाईल, असं तिचं म्हणणं. मला वाटतं खरी गोष्ट वेगळी होती. फोन बंद आहे तोवर सहावा नकार आलेला नव्हता.

उत्तम शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. तीनची प्रार्थना झाली आणि आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात कामाला लागलो. मी तिचा फोन पर्समध्ये घालून नेला होता, बंदच. तिला सांगितलं नव्हतं. साडेचारला दार उघडलं तेव्हा रांग पार्किंगच्या टोकाला गेली होती. मी कोबी कालवत होते आणि मनात सिस्टर इम्माक्युलाटा उभ्या होत्या. शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला पट्टी हातावर आपटत त्या विचारायच्या, उपवासकाळ कधी संपतो? ईस्टरला म्हणणाऱ्या मुलीला बाकावर उभं करायच्या. मी स्वतः उभी राहिले होते. बरोबर उत्तर होतं ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळी, येशूच्या शेवटच्या भोजनाची मिस्सा सुरू होते तेव्हा. त्यापुढचे तीन दिवस वेगळे.

साठ वर्षांनंतर मला स्वतःच्या आठवणीचा भरवसा नव्हता. आमच्या चर्चचे फादर बर्नार्ड पावाचे ट्रे घेऊन चालले होते. त्यांना अडवून विचारलं.

"काल संध्याकाळी सात वाजता संपला," ते म्हणाले. "मी दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. आजचा उपवास आहेच, पण तो पोटाचा."

पॅट्रिसने ते ऐकलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते.

"थांबा," क्लिमेक म्हणाले. "म्हणजे काल रात्री मला बिअर चालली असती? मिसेस तुस्कानो, हे तुम्ही मला काल का नाही सांगितलंत?"

मी पर्स उघडली. पॅट्रिसने फोनकडे बघितलं, तेलाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच वाचा. नकार असेल तर मला सांगू नका. नुसती मान हलवा."

फोन सुरू व्हायला लागली ती दोन मिनिटं मला फार मोठी वाटली. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. पत्र दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आलेलं होतं. एक जागा मोकळी झाली आहे, ती तुम्हाला देत आहोत, पाचपर्यंत कळवावे, नाहीतर पुढच्या उमेदवाराला द्यावी लागेल. मी मान न हलवता सगळं मोठ्याने वाचलं. पॅट्रिसने पिठाच्या हातांनीच तळणाची जाळी उचलली. क्लिमेक यांनी तिच्या हातातली जाळी काढून घेतली.

पत्राखाली कचेरीचा नंबर होता. मी तो लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"मी पॅट्रिस दुडेक," ती म्हणाली. "मी येते. म्हणजे, मला जागा हवी आहे. हो, मीच." मग तिकडच्या बाईने मागे चर्र आवाज कसला म्हणून विचारलं. "नाही, पाऊस नाही. आम्ही मासे तळतोय."

त्या बाईला लेखी होकारही हवा होता. पॅट्रिसने शब्द सांगितले, मी एका बोटाने टिपले. चार बावन्नला होकार गेला. मग ती भिंतीशी पाठ टेकून हसायला लागली आणि हसताहसता रडली, पीठ गालाला लागलं.

"तिकडे जाऊन रड," क्लिमेक म्हणाले, "तेलात पाणी पडेल." स्वतःचे डोळे मात्र त्यांनी अ‍ॅप्रनला पुसले. दोन मिनिटांत ती पुन्हा कढईशी होती. त्या संध्याकाळी आम्ही चारशे अकरा ताटं वाढली.

आवराआवरीच्या वेळी ती मला म्हणाली, "माझ्या पुढे जो कोणी होता त्याने आज सकाळी नाही म्हटलं असणार. कोण असेल? कुठे गेला असेल?" तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. शनिवारी तिने फादर बर्नार्डना गाठून एक चिठ्ठी दिली.

ईस्टरच्या मिस्साला विनंत्या सुरू झाल्या. आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी, शांतीसाठी. मग फादरांनी चष्मा सरळ करून चिठ्ठी वाचली: "ज्या अनोळखी व्यक्तीने शुक्रवारी नाही म्हटलं, तिचं जिथे गेली असेल तिथे भलं व्हावं."

माझ्या मागच्या बाकावर कुजबुज झाली, कोण वारलं म्हणून. कोणाला काहीच कळलं नव्हतं. तरी सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," आणि त्यात क्लिमेक यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.