धाकलू गवंड्याचं निवांत पाणी

टोकावड्याच्या धाकलू गवंड्याला बायकोपेक्षा टाकी प्यारी, असं मुरबाडात कुणीही सांगेल. लोकांच्या तोंडाला काय, कुलूप थोडंच असतं! पण अडतीस साली त्यानं जयराम मास्तरांच्या परसात संडासाची टाकी बांधली आणि भर दुपारी तिच्या फरशीवर कान टेकून पडू लागला, हे मात्र खरं.

"सवत काय बोलते वो?" भाकरी घेऊन आलेली त्याची बायको रखमी विचारी.

"बोलत नाय गो, निजते."

डोळे मिटले की धाकलूला फरशीखालचं सगळं दिसे. नळातून मैला पहिल्या खणात उतरतो. तिथं कसलीच घाई नाही. जड ते गाळ होऊन तळाशी बसतं, हलकं ते सायीसारखं वर तरंगतं. मधलं पाणी भिंतीतल्या भोकातून हळूच पलीकडच्या खणात सरकतं, तिथं आणखी एक डुलकी काढतं. मग शोषखड्ड्यातल्या दगडगोट्यांमधून झिरपत मातीत विरून जातं. मागं राहिलेला गाळ डोळ्यांना न दिसणारे जीव सावकाश खात बसतात, आणि कुबट वारा उंच नळीतून आभाळात निघून जातो. कल्याणला रेल्वेच्या चाळी बांधताना एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला हे शिकवलं होतं.

मुरबाडातली ही पहिलीच टाकी. ती फसली तर थापी टांगून पुन्हा खाणीवर खडी फोडायची, हे धाकलू जाणून होता.

तीन महिन्यांत ती फसली. शोषखड्ड्यावर काळं पाणी आलं. शेजारणी पदर नाकाला लावून, पण अगदी जवळ येऊन बघून गेल्या. मास्तर पहार घेऊनच उभे राहिले. "पाडतो ही!"

"आठ दिवस द्या, मास्तर."

धाकलूनं झाकण दिवसभर उघडं ठेवलं, मग आत बांबू सोडला. बांबू वर आला तो जवळजवळ टोकापर्यंत करडा. त्यानं चिमूट चोळून पाहिली. राख!

"मीच टाकते," मास्तरांच्या कमळाबाई ठसक्यात म्हणाल्या. "रोज दोन टोपल्या. घाणीवर राख नाय टाकायची तर काय फुलं वाहायची?"

"अवो बाई, ते जीव घाण खातात, राख नाय खात. राखेनं टाकी भरली. पाण्याला निजायला जागाच नाय, म्हणून गढूळच पळालं खड्ड्यात."

कमळाबाईंनी राखेची टोपली उचलून परत चुलीमागं नेऊन ठेवली.

धाकलूनं दोरीच्या बादलीनं राखेचा चिखल उपसला, शोषखड्ड्यातला एकेक दगड धुतला, टाकीत पाणी भरलं, शेणाचा काला सोडला. मग नुसतं बसून राहणं. त्याला वाटे, आपणच त्या पाण्यात आहोत, जड ते खाली बसतंय, आपण मध्ये तरंगतोय.

आठव्या दिवशी त्यानं शोषखड्ड्याकडेची मूठभर माती मास्तरांच्या नाकापुढं धरली. मास्तरांनी श्वास आत ओढला, पुन्हा एकदा ओढला. नुसती ओलसर माती.

पहार त्यांनी भिंतीला टेकवली. "उद्या शाळेकडं ये," ते म्हणाले. "तिथं पोरं पन्नास आहेत. केवढी टाकी लागेल, ते बघ."