बर्गीचं पान

नोनीबाबूंच्या हॉटेलात गिऱ्हाइकाला ताटकळावं लागत नसे. उलट तिथे गिऱ्हाइकाचीच वाट पाहिली जाई. माझी तर ती मंडळी दोनशे वर्षं वाट पाहत होती.

एकोणसत्तर साली माझी कलकत्त्याला बदली झाली. बागबाजारात खोली, दोन गल्ल्यांवर कचेरी आणि मधोमध हे चार टेबलांचं भाताचं हॉटेल. पहिल्याच दुपारी भुकेने डोकं फिरलेलं. कोपऱ्यात केळीचं पान मांडलेलं रिकामं टेबल दिसलं, मी बसलो. बाकीच्या माणसांचे हात थबकले.

"आपण कुठले?" नोनीबाबूंनी विचारलं. पन्नाशीचा बुटका माणूस, खांद्यावर ओला गमछा.

"पुण्याचा. मराठी."

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला आणि आत वळून हळूच म्हणाले, "बर्गी एशेछे." बर्गी आला.

बर्गी म्हणजे आपले बारगीर, बंगाल लुटायला आलेले मराठी घोडेस्वार. त्यांच्या धास्तीने शहराभोवती खणलेला खंदक याच बागबाजारातून सुरू होई. खंदक कधीच बुजला होता, धास्ती बुजली नव्हती. नोनीबाबूंच्या कुठल्याशा खापरपणजीने दारात आलेल्या बर्गीपुढे भाताचं पान मांडलं होतं. तो जेवला आणि तिच्या मुलाला हात न लावता निघून गेला. तेव्हापासून या घरात दुपारचं पहिलं पान बर्गीचं. बर्गी जेवला की घरचं पोर सुखरूप. इतकी वर्षं तो भात कावळ्यांना जायचा, आता मी होतो.

मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. असला कसला बर्गी, म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून माझी कढई वेगळी. खसखशीतले बटाटे, वांग्याचे काप, भातावर तुपाची धार. घरून आणलेली आमसुलं दिली, तर नोनीबाबूंनी ती गुळासकट डाळीत घातली आणि मी भुरका मारेपर्यंत समोर उभे राहिले. सासुरवाडीतही माझे इतके लाड झाले नाहीत.

मी पहिला घास घेईपर्यंत मात्र कोणालाच वाढत नसत. वीसेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसत. खोटं कशाला बोलू, आधी मला त्याचा माज चढला. मग भीती वाटू लागली.

एकाहत्तर साल उजाडलं, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचं. शहरातली कॉलेजची पोरं घराबाहेर पडत आणि परतत नसत. कोणी नेलं, हे विचारायची सोय नव्हती. नोनीबाबूंना एकच मुलगा, तापस, एकोणीस वर्षांचा. आईने त्याला उंबरा ओलांडायला बंदी केली होती. नोनीबाबू मला दोनदा भात वाढत, नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा वाढत.

एका रविवारी मी वैतागलो. मी साधा कारकून, कोणाचं पोर राखायला थोडाच आलो होतो? न सांगता बराकपूरला कचेरीतल्या श्यामरावांकडे पुरणपोळी खायला गेलो आणि मुक्काम केला.

सोमवारी दुपारी हॉटेलात शिरलो तर चुली गार. कोपऱ्यातल्या पानावर कालचा भात वाळून पडला होता, त्यावर तूप गोठलं होतं. बर्गी येईना म्हणून नोनीबाबूंनी काल तापसला माझ्या खोलीवर बोलवायला धाडलं होतं. एका गल्लीचं अंतर. तो परतला नव्हता.

नोनीबाबू मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यानेच मी मेलो. हॉटेल पुन्हा सुरू झालं. खूप वाटे, तिथे जाऊच नये. पण एक दिवस पान चुकवून काय झालं ते पाहिलेला माणूस ते पुन्हा चुकवणार कसा?

पुढची बदली होईपर्यंत तीन वर्षं मी रोज तिथे जेवलो. तीच कढई, तीच तुपाची धार. फक्त माझ्यासमोर आता दुसरं एक पान मांडलेलं असे, तापसचं. माझा शेवटचा घास उरला की नोनीबाबू जवळ येऊन वाकत आणि डाळ हवी का विचारावं तशा आवाजात म्हणत, "बर्गीबाबू, पोट भरलं ना? मग आता सोडा त्याला."

मी मान खाली घालून आणखी भात मागत असे.