सासऱ्यांच्या छत्रीची सावली
परवा माळा आवरताना सासऱ्यांची काळी छत्री सापडली. तापलेल्या कापडाचा तोच वास आला आणि माझ्या पायांचे तळवे आपोआप आखडले. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले त्या वर्षीची, एकोणीसशे पन्नासच्या आसपासची ही गोष्ट. सासरे निवृत्त शिक्षक, जुन्या बांधकामांचे भलतेच वेडे. मे महिन्यात नणंदा माहेरपणाला आल्या होत्या, तेव्हा आम्हां सगळ्यांना ते भर दुपारी अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. देवळाचं आवार, म्हणून चपला बाहेर काढल्या आणि तव्यावर पाय ठेवल्यासारखं झालं. सासरे छत्री उघडून भिंतीवरची नक्षी समजावू लागले. सावली काय ती छत्रीखालीच, म्हणून आम्ही तिच्यात घुसलो. आम्हाला नीट दिसावं म्हणून ते बाजूला सरकले, तशी सावली सरकली, मागोमाग आम्हीही. पुढची फरशी मात्र तापलेलीच. असं करत अख्ख्या देवळाला प्रदक्षिणा झाली. "पुरे आता" म्हणायची कुणाची छाती नव्हती, नव्या सुनेची तर नाहीच. घरी सासूबाईंनी गार पाण्याची बादली आणली, तर तिच्यात आधी सासऱ्यांनीच पाय घातले. "अहो, एवढं भाजत होतं तर थांबायचं ना!" सासूबाई करवादल्या. "थांबणार कसा?" ते कळवळून म्हणाले, "ही मंडळी अंगाला खेटून ऐकत होती! सूनबाई तर सगळ्यांत पुढे. तिला पुढच्या रविवारी पुन्हा नेतो, सावकाश दाखवतो." छत्री मी माळ्यावर होती तिथेच ठेवून दिली.