चित्र काढायला पंचवीस अँपिअर

जळालेली मोटार दुकानाच्या दारात उतरवली की मामा ती उघडायच्या आधी हुंगायचा. "ओव्हरलोड झालीय," म्हणायचा, नाहीतर "पाणी शिरलंय हिच्यात." चाळीस वर्षं वाइंडिंग करून नाक तयार झालेलं. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. खरी भाची मात्र एकच, थोरल्या बहिणीची लेक. त्या सकाळी तिचा फोन आला.

"मामा, कॉम्प्युटर मेला. वास येतोय. हातातलं टाक आणि ये."

भाची आधी कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायची. आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून नोकरी सोडून घरी होती. आता एका पंप कंपनीनं घरबसल्या काम द्यायची तयारी दाखवली होती, पण आधी नमुना बघू म्हणाले. चालू पंपाच्या आत पाणी कसं फिरतं, त्याची अर्ध्या मिनिटाची फिल्म, उद्या संध्याकाळी सहाच्या आत. अर्ध्या मिनिटाला सातशे वीस चित्रं लागतात. घरातला जुना कॉम्प्युटर एका चित्राला वीस मिनिटं खायचा, म्हणजे झाले दहा दिवस. म्हणून परगावच्या भावानं आपलं भारीतलं ग्राफिक्स कार्ड पाठवलं. तिनं ते बसवलं, स्क्रीन उजळला, पहिलं चित्र काढायला घेतलं आणि खटकन सगळं बंद.

मामानं आल्या आल्या कॉम्प्युटरच्या डब्यात तोंड घातलं.

"चावू नकोस रे, आपलाच आहे," खाटेवरून बहीण म्हणाली.

"प्लास्टिक तापलंय." त्यानं कार्डाचा प्लग ओढून काढला. एक कोपरा पिवळा पडून मऊ झाला होता. मागं दोन बारक्या वायरी. "हे ठिगळ कुणाचं?"

"माझंच. जुन्या पॉवर सप्लायला कार्डाचा प्लगच नव्हता, म्हणून जोडायचा प्लग आणला. नीट बसला होता."

"बसायला काय, माणूस काट्यावरपण बसतो." मामानं कार्ड दोन्ही हातांत घेतलं. भरीव, गार, पाठीवर तीन पंखे. "हे खातं किती?"

"तीनशे वॅट. बारा व्होल्टवर."

मामानं खोक्याच्या झाकणावर पेन्सिलनं भागाकार केला. उत्तर बघितलं, खोडलं, परत केला. तेच आलं. पंचवीस.

"पोरी, पाच हॉर्सपॉवरचा थ्री फेज पंप साडेसात अँपिअर ओढतो. अख्खा मळा भिजवतो तेवढ्यात. आणि ह्याला चित्र काढायला पंचवीस?"

"अरे, तिथं व्होल्ट चारशे, इथं बारा."

"ते कळतंय मला. पण वायरीला अँपिअरच सोसावे लागतात ना." तो कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. तान्हं मूल बघावं तसं. "सुरू होताना झटका मारत असेल? मोटार सहापट ओढते."

"हेपण मारतं. क्षणभर दुप्पट."

मामानं कॉम्प्युटरला वीज पुरवणारा सप्लायचा चौकोनी डबा सोडवून तळहातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं. तांबं नव्हतंच आत म्हणावं इतका हलका. वर ठळक साडेचारशे वॅट. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, बारा व्होल्टला अठरा अँपिअर.

"वरचा आकडा मिरवायला. आपलं काम ह्या अठरावर. ट्रिप झाला ते बरं झालं, नाहीतर अक्काला खाटेसकट बाहेर काढावं लागलं असतं."

"मामा, वेग कमी करून आजच्या दिवस चालवते ना. उद्या सहाला द्यायचंय."

"नाही."

"माझं काम जाईल!"

"जाऊ दे. घर राहील."

भाचीनं स्क्रूड्रायव्हर आपटला. खाटेवरून आवाज आला, "ऐक त्याचं. बाकी अक्कल बेताची आहे, पण विजेत कधी चुकला नाही."

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मामानं चार सप्लाय हातात तोलले. "मामा, बटाटे घेताय का?" दुकानदार हसला. मामानं ओळ वाचली. साडेसातशे वॅट, बारा व्होल्टला बासष्ट अँपिअर. कार्डाच्या खोक्यावरही साडेसातशेच मागितले होते. तोच घेतला. पण घरी येईपर्यंत लाइट गेली, ती रात्रभर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग टेस्ट लॅम्पनं बघितलं, मग जोडणी. कार्डाला दोन प्लग लागत होते. नव्या सप्लायच्या एकाच केबलला दोन तोंडं होती, भाची दोन्ही त्याच केबलची लावायला निघाली. मामानं हात धरला. "एका बैलावर दोन नांगर? दोन तोंडांना दोन केबल." प्रत्येक प्लग खटका वाजेपर्यंत दाबला.

बटण दाबलं. पंखे फिरले. मामानं प्लगला उलटा हात लावला. कोमट, बस्स.

चौदा सेकंदांत पहिलं चित्र आलं. वीस मिनिटांचं चौदा सेकंदांत! पन्नासेक झाल्यावर भाचीनं ती जोडून चालवून दाखवली, आणि मामा स्टुलावर बसायचाच विसरला.

पंप तो रोज उघडायचा. पण उघडलेला पंप म्हणजे बंद पंप, आत वाळका गाळ आणि गंज. पाणी आत असताना डोळ्यांनी कोण बघणार? इथं लोखंड काचेसारखं झालं होतं. मधल्या भोकातून पाणी वर येत होतं, पात्यांत शिरत होतं, पिळवटून कडेला फेकलं जात होतं. धागा न धागा दिसत होता. ज्याच्या जिवावर पोट भरलं, ते पाणी आत असलं काही करतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"अगं आई गं," तो पुटपुटला. मग एकदम, "थांबव."

"तापलं?"

"पंप उलटा फिरतोय. पातं बघ, पाणी ओंजळीत धरल्यासारखं ओढतंय. खरं पातं पाठीनं ढकलतं. दोन फेज उलट्या जोडल्या की असा फिरतो, लोक येतात मग, मामा पाणी कमी येतंय म्हणून."

भाचीनं कंपनीनं पाठवलेलं रेखाचित्र उघडलं. फिरण्याचा बाण उलट्या दिशेला होता. ती मामाकडे वळली. "तू तर आतलं कधी बघितलंच नव्हतंस!"

"म्हणून काय झालं? हातानं चाचपलंय."

पाण्याचं गणित परत मांडायला दुपारचे अडीच वाजले. मग सातशे वीस चित्रं. मामा जेवायलाही उठला नाही. मधूनमधून प्लग चाचपायचा आणि परत स्क्रीनला डोळे लावायचा. पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटचं चित्र आलं. पावणेसहाला फिल्म गेली. सव्वासहाला कंपनीचं उत्तर आलं. पुढच्या तीन पंपांची रेखाचित्रं पाठवतोय.

भाचीनं आईला मिठी मारली. इकडे मामाचा फोन वाजत होता. कुणाची तरी मोटार अडली होती.

"उद्या या," मामा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. "आत्ता मी पंपाच्या आत आहे."