भैयाजींच्या बोटीचे पंखे

भैयाजींना बोटीतलं काहीच कळत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना अर्धं कळत होतं, आणि अर्धं कळणाऱ्या माणसाला शहाणपण सांगायला ब्रह्मदेवही धजत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घालवली होती. हलक्या छकड्यावर बसून बैलजोडी उधळवणाऱ्या माणसाला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. भैयाजी लाखनीपासून दिघोरीपर्यंत नावाजलेले धुरकरी होते. निदान ते स्वतः तसं सांगायचे.

पुढे गुडघे गेले, बैल गेले, आणि धरणाच्या फुगवट्याने वैनगंगेचं पाणी गावाच्या शिवारात येऊन थांबलं. तेव्हा भैयाजींनी एक जुनी फायबरची बोट घेतली. बाजाराच्या दिवशी पल्याडच्या लोकांना आणायचं-न्यायचं आणि रविवारी भंडाऱ्याच्या हौशी मंडळींना फिरवायचं, असा धंदा. बोट घेताना त्यांनी ना तळ पाहिला ना कागद पाहिले. मागे दोन इंजिनं शेजारी शेजारी लावलेली दिसली आणि त्यांचा जीव जडला. "जोडी हाय," ते म्हणाले. डाव्या इंजिनाचं नाव त्यांनी राजा ठेवलं, उजव्याचं तुफान. पोळ्याला दोघांना न्हाऊ घालून झूलही चढवली. गाव हसलं, पण भैयाजींनी ते मनावर घेतलं नाही.

यंदा लेकीचं, उर्वशीचं, लग्न ठरलं. मुलगा पल्याडच्या काठावरचा. व्याही केशवराव निवृत्त मुख्याध्यापक, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, वरात पुलावरून बसने आणू. वळसा मोठा आहे, पण खात्रीचा आहे. भैयाजींना खात्री या शब्दाचाच राग आला.

"इवाई, माही जोडी असून तुमी बशीनं येनार? लोक का म्हनतीन? वरात माह्या बोटीनं येईन. पान लावून तोंडात टाकाले लागते तितक्या वेळात इकडं."

ही गोष्ट त्यांनी व्याह्यांना एकदा सांगितली आणि गावाला रोज सांगितली. त्यामुळे आता दुपारचा मुहूर्त आणि भैयाजींचं नाक अशा दोन्ही गोष्टी पणाला लागल्या.

अडचण एवढीच होती की राजा आणि तुफान दोघंही म्हातारे झाले होते. एक धूर ओकायचा, दुसरा पाण्याच्या मधोमध बसकण मारायचा. लग्नाच्या तोंडावर भैयाजींनी जुनी जोडी मोडीत काढली आणि दुप्पट जोराची नवी इंजिनं बसवून घेतली. नावं मात्र तीच ठेवली. बसवायला नागपूरहून प्रफुल्ल नावाचा मिस्त्री आला. पाण्यात फिरून बोट ढकलणारे जुने पंखे त्याने नव्या इंजिनांना लावून पाहिले, तर फेऱ्या मोजणारा काटा सरळ लाल पट्ट्यात गेला. इंजिन नुसतंच भिरभिरत होतं, कारण त्याच्या मानाने पंखा हलका पडत होता.

प्रफुल्लने मग पंख्यांच्या तीन जोड्या काठावर मांडल्या. प्रत्येक पंख्यावर एक आकडा कोरलेला होता. पंखा एकदा फिरला की बोट किती पुढे ढकलेल, त्याचा तो आकडा. लहान आकड्याचा पंखा ओझं उचलतो. मोठ्या आकड्याचा लांब ढांग टाकतो, पण इंजिनाचा घाम काढतो. प्रत्येक जोडीतला एक पंखा उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. हे सांगायला प्रफुल्लने तोंड उघडलं तोच भैयाजी म्हणाले, "डाव्याच्या जागी उजवा जुंपला का जोडी बिघडते, हे मले सांगतं काय?"

प्रफुल्लला वाटलं, माणूस जाणकार दिसतो. इथेच तो फसला.

"बस, मंग एकच करा काका," तो म्हणाला. "रोज बसतेत तितके मानसं बोटीत बसवा. फुल रेस द्या. ज्या पंख्यावर काटा या हिरव्या पट्ट्यात येईन, तो ठेवा. बाकीचे वापस पाठवा." आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भैयाजींनी बोट तपासायला घेतली. आधी त्यांनी बाकडी उतरवली. मग नांगर उतरवला, जॅकेटांचा ढीग उतरवला, पेट्रोलचा जादा डबा उतरवला, आणि शेवटी स्वतःच्या चपलाही काढल्या. त्यांच्या पत्नी ललिताबाई काठावर उभ्या होत्या. बोट घेतल्यापासून या बाईला तिच्यात कोणी बसवलं नव्हतं.

"मी बसू काय?" त्यांनी विचारलं.

"तू बसली तं जोडीचा दम कसा समजन?"

"मंग वरात काय हवेत बसून येनार हाय?"

भैयाजी हसले. बायकांना पटातलं काय कळतं, हे त्यांचं जुनं मत होतं आणि ते तपासून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सर्वांत मोठ्या आकड्याच्या पंख्यावर रिकामी बोट अशी सुटली की काठावरचे बगळे उडाले. काटाही नेमका हिरव्या पट्ट्यात आला. आता तर शास्त्रच भैयाजींच्या बाजूला येऊन बसलं. सायंकाळी प्रफुल्लचा फोन आला: "काका, लोड टाकून पाहलं ना?"

"पटावर बैलाच्या पाठीवर पोतं लादून पाहते काय रे कोनी?" भैयाजींनी त्यालाच विचारलं, आणि उरलेल्या दोन्ही जोड्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीने नागपूरला रवाना केल्या.

लग्नाच्या दिवशी पल्याडच्या काठावर वरात बोटीत चढली. नियमात बसतील तेवढीच माणसं आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटं, एवढं भान भैयाजींनी ठेवलं होतं. पण ती वरातीची माणसं होती, भरपेट नाश्ता करून आलेली, आणि ढोलवाल्यांचे ढोल वेगळेच. भैयाजींनी फेटा सावरला आणि "हर्रर्र" करत रेसचे दोन्ही दांडे पुढे रेटले.

बोटीचं नाक वर गेलं, बूड पाण्यात बसलं, आणि ती तशीच राहिली. दोन्ही इंजिनं कण्हू लागली. काटा हिरव्या पट्ट्याच्या कितीतरी खाली अडकला आणि तिथून हलेना. गाडी चढावर चौथ्या गिअरमध्ये टाकावी तसा प्रकार. जोर सगळा लागत होता, चाल कुठेच नव्हती.

"पुढं सरका सारे! धुरेवर वजन टाका!" भैयाजी ओरडले. वरात पुढे सरकली. नाक थोडं खाली आलं आणि त्यासोबत पाण्याचा एक लोंढा विहीणबाईंच्या शालूवर आला. त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणारी विहीण किती महागात पडते, हे लग्न केलेल्या घरांना सांगायला नको.

इतक्यात गावातल्या डोमा मासेमाराचा डोंगा मागून आला. मासे धरायचा लाकडी डोंगा, मागे एक लहानसं इंजिन. तो बोटीच्या बरोबरीला आला आणि जरा पुढेही गेला.

"भैयाजी," डोमाने ओढायचा दोर दाखवत विचारलं, "टोचन लावू काय?"

केशवरावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "इवाई, मुहूर्त."

"वजनच जास्त हाय," भैयाजी म्हणाले. "ढोलवाले, तुमी डोमाच्या डोंग्यात जा."

ढोल उतरले. काटा किंचित वर आला. भैयाजींची नजर त्या काट्यावर खिळली आणि मग ती तिथून हलली नाही. "आनखी," ते म्हणाले. नवरदेवाचे मामा उतरले. डोमाच्या भावाचा दुसरा डोंगा आला, त्यात आत्या-मावश्या गेल्या. काटा चढत होता. "आनखी!" शेवटी विहीणबाईच उठल्या. "चाला जी, आपनबी जाऊ. मच्छीचा वास पुरला, पन हे नोको." त्यांनी बाशिंग बांधलेल्या लेकाचा हात धरला. बायको जाईल तिकडे जायचं, हा केशवरावांचा नोकरीपासूनचा नेम होता. तेही उतरले, आणि उरलेली वरात त्यांच्यामागे.

आणि बोट उठली! बूड पाण्याबाहेर आलं, काटा हिरव्या पट्ट्यात गेला, राजा आणि तुफान एका सुरात गर्जले. मागून केशवराव ओरडले म्हणतात. पण सुटलेल्या जोडीचा धुरकरी मागे पाहत नाही.

अल्याडच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. पांढऱ्या फेसाची रेघ ओढत बोट आली तेव्हा बायका-माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलावं, ती तेव्हा देखणी दिसत होती. फटाक्यांची लड लागली. भैयाजींनी उडी मारली, फेटा सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती सेकंद लागले?"

ललिताबाई औक्षणाचं ताट घेऊन पुढे आल्या. त्यांनी भैयाजींच्या खांद्यावरून बोटीत पाहिलं. बोटीत कोणीच नव्हतं. दूर पाण्यावर दोन डोंगे आपल्या चालीने येत होते आणि त्यांच्यातून ढोल वाजत होते. मुहूर्ताला अजून वेळ होता. तो गाठणार होता डोमा. भैयाजींनीही मग मान वळवून पाहिलं.

ललिताबाईंनी वाऱ्याने विझू पाहणाऱ्या निरांजनाला तळहाताचा आडोसा केला.

"इतक्या घाईनं आनलं कोनाले?" त्या म्हणाल्या. "तुमाले? तुमी तं घरचेच होते."